दोनशे पट

आम्ही राहायला जाणार होतो त्या इमारतीचं डिझाइन माझंच. तेव्हा मी प्रत्येक मजल्याची स्लॅब अजिबात वाकत नाही असंच धरलं होतं. पुढे बिल्डरने उजेडासाठी प्रत्येक स्लॅबच्या मधोमध भलंमोठं भगदाड ठेवलं, म्हणून आज सॉफ्टवेअरला सांगितलं, बाबा रे, स्लॅब थोडी वाकते असं धर आणि भूकंपात काय होतं ते दाखव.

खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता सासूबाई माझ्या मागे येऊन थबकल्या. स्क्रीनवर इमारत डुलत होती, एका बाजूचे खांब वेडेवाकडे होत होते.

"अगं, ही आपलीच ना? मी नाही बाई तिथे राहायला यायची."

मला हसू आलं. "आई, खरी हालचाल डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून दोनशे पट वाढवून दाखवतात."

"मग खरी दाखव बघू. तुझी नणंद पोरांना घेऊन कालच राहायला गेलीय तिथे."

त्यांचं समाधान करावं म्हणून मी स्क्रीनच्या कोपऱ्यातला दोनशेचा आकडा खोडून एक लिहायला गेले.



तिथे आधीपासूनच एक होता.