सोमवारचं खोकं

मंगळवारच्या नमुन्याची, साध्या काचेची कुपी पिवळी पडली होती. ताईने ती उजेडात धरली, पदराने पुसली, पुन्हा धरली. पिवळी ती पिवळीच.

हे औषध पिवळं कधी नसतं. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका काटेरी प्राण्याच्या कवचातून हा रंग काढतात, आणि तो रंग हेच औषध. गडद लाल. डोळ्यात साकळलेलं रक्त त्याने विरघळतं. पण हवेशी त्याचं हाडवैर. हवा लागली की रंग उतरतो, आणि मग डोळ्यात औषध घाला नाहीतर नळाचं पाणी घाला, सारखंच. म्हणून कुपीतली हवा नायट्रोजनने हाकलायची आणि मगच तिचं तोंड वितळवून बंद करायचं. डोळ्यांच्या त्या रुग्णालयात हे काम अकरा वर्षं ताईचं होतं.

मंगळवारी कुप्या भरताना वरच्या वॉर्डातून धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "ताई, हाही डोळा जाणार का गं?" धाकटीचा एक डोळा लहानपणीच गेला होता. उरलेल्या एकावर ती लहान मुलांचे कपडे शिवायची. आता त्यातही रक्त उतरलं होतं. रोज एक कुपी, दहा दिवस, तेवढ्यात रक्त विरघळलं तर डोळा वाचला, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताई तिची समजूत घालत राहिली आणि हात सवयीने चालत राहिले. नायट्रोजनची चावी उघडायची राहून गेली. तक्त्यावर 'नायट्रोजन तपासला' म्हणून सही मात्र झाली.

वर आणखी कहर म्हणजे, बहिणीला ताजं मिळावं म्हणून ताईने स्वतःच मंगळवारचं खोकं वॉर्डाच्या नावाने लिहिलं होतं. बुधवारी सकाळी भांडार सांभाळणारे नाना ते वर पोचवून आले. आज गुरुवार. एक कुपी वापरून झाली होती.

शेजारी सोमवारचा नमुना होता, लालभडक, जसा हवा तसा.

"काय गं, तोंड का उतरलंय?" नाना मागे येऊन उभे होते. नानांना मोजायचं भारी वेड. जिना चढताना पायऱ्या मोजतात आणि उतरताना पडताळून पाहतात, अशी सगळे त्यांची थट्टा करत.

"काही नाही नाना. झोप झाली नाही."

"काही सांगायचंय का?"

"छे."

"बरं." जाता जाता ते म्हणाले, "ते सोमवारचं खोकं आहे ना, त्याला हात लावू नकोस. माझी मोजदाद चाललीय."

ताई वर गेली. धाकटी उठून बसली होती. "सकाळी खिडकीचे गज दिसले गं मला. पाच आहेत ना?"

गज पाचच होते. पण धाकटीची खोड ताईला ठाऊक होती. आपण आजारी असलो तरी धीर ती दुसऱ्यालाच द्यायची. ताईची नजर उशीवर गेली. अभ्र्यावर रुपयाएवढा लाल डाग होता. डोळ्यातून रक्त आलं, आपल्या औषधाने आलं, असं तिच्या मनात आलं.

डॉक्टरांना त्याच क्षणी सांगायला हवं होतं. दारापर्यंत ती गेलीही. पण ती सही डोळ्यांपुढे आली, आणि धाकटीला कळलं तर काय वाटेल हेही. ती परत फिरली.

नमुन्याची सोडली तर कुप्या सगळ्या एकसारख्या, तपकिरी काचेच्या. आतला रंग दिसत नाही आणि तारीख फक्त खोक्यावर. जेवणाच्या सुट्टीत परिचारिका खाली गेल्यावर ताईने सोमवारच्या खोक्यातल्या नऊ कुप्या वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि तिथल्या नऊ आणून सोमवारच्या खोक्यात भरल्या. नानांची मोजदाद चुकायला नको. पुढे सवडीने फोडून टाकता येतील. एकही फुटली नाही.

रविवारी धाकटी म्हणाली, "आज गज नाही दिसत. बाहेर ढग आलेत वाटतं."

बाहेर लख्ख ऊन होतं. ताई म्हणाली, "हो, आलेत."

त्या एका कुपीने एवढा घात करावा? चांगल्या नऊ कुप्यांनाही तो भरून काढता येऊ नये? ती रोज वर जायची, धाकटीचे केस विंचरायची आणि मनातल्या मनात तिची क्षमा मागायची.

दहा दिवस झाले. डॉक्टरांनी तपासलं आणि डोळा गेल्याचं सांगितलं. धाकटीने चाचपडत ताईचा चेहरा शोधला. "रडू नकोस. तुझ्या हातचं औषध होतं. याहून चांगलं मला कुठे मिळालं असतं?"

ताई तडक भांडारात आली. "नाना, माझ्यामुळे गेला तिचा डोळा. मंगळवारी चावी उघडायची राहिली होती. मी लपवलं."

नानांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "बुधवारी सकाळीच नमुन्याचा रंग उतरताना पाहिला मी. तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो होतो." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पण डोळा तुझ्यामुळे नाही गेला, पोरी. तेवढं मनातून काढून टाक. खोकं वर नेण्याआधीच मी मंगळवारच्या आणि सोमवारच्या खोक्यांतल्या कुप्यांची अदलाबदल केली होती. खराब सगळ्या या सोमवारच्या खोक्यात आहेत. आज सकाळीच पुन्हा मोजल्या, बरोबर दहा भरल्या."