येते म्हणावं

आश्रमाच्या फाटकाशी तिथल्या सेविका शेवंतामावशींनी ऋताला गाठलं. "ताई, आज दिगूला 'येते' म्हणू नका हं. त्याची आई त्याला इथे ठेवताना तसंच म्हणाली, ती पुन्हा फिरकलीच नाही. अजून तो कपड्यांची पिशवी घेऊन तिची वाट बघत पायरीवर बसतो."

बौद्धिक दिव्यांग प्रौढांना आपल्यात कसं सामावून घ्यावं, यावर ऋताचं संशोधन. त्यासाठी वर्षभर ती या आश्रमात यायची. निघताना 'येते' म्हणायची आणि खरंच यायची. आज काम संपलं होतं. आता कसलं येणं!

निरोप द्यायला दिगू धावत आला. पन्नाशीचा, केस पिकलेले. निदान फसवायचं तरी नाही, असं ठरवून ती म्हणाली, "दिगूदादा, मी जाते."

त्यानं घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला. "जाते नाही म्हणायचं! आईनं शिकवलंय. येते म्हणायचं. म्हण."

हात काढून तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मावशींनी मान फिरवली.

"येते," ऋता म्हणाली.

दिगू खुदकन हसला आणि पिशवी आणायला आत पळाला.