वीरपत्नीचा सत्कार

आमंत्रणपत्रिकेवर नवऱ्याच्या नावाआधी ‘शहीद’ वाचून मैनाबाईने शेजारी पाहिलं. कारगिलला दोन गोळ्या झेलून वीरचक्र मिळवलेला तो धडधाकट बसून छाटणीच्या कात्रीला धार लावत होता. “छापताना चुकलं का?” तिने विचारलं. “नाय वहिनी,” सरपंच चहा फुरकत म्हणाला, “गावच्या कमानीवरही तेच कोरलंय. शहिदाच्या नावानं मंजुरी लवकर मिळती. उद्या आमदार फीत कापणार, तेवढा वेळ दादांनी मळ्यात थांबावं.” “बरं झालं,” नवरा मान वर न करता म्हणाला, “भाषणं ऐकायची वाचली.” धीर येऊन सरपंच तिच्याकडे वळला. “वीरपत्नी म्हणून तुमचा सत्कार ठेवलाय. फक्त कुंकू लावू नका, नाशिकच्या पेपरात फोटो येतोय.” मैनाबाईने त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली, उरलेला चहा अंगणात ओतला. “तुझ्या बायकोला बसव तिथं. तिचा नवरा आत्ता माझ्या ओसरीवर मेला.”