लवंग तेलाचा फवारा

आमच्या बाटलीवर ‘शुद्ध लवंग तेल, विषाचा थेंब नाही’ असं छापलेलं असतं. नुसत्या तेलानं कीड मरायला वेळ लागतो, म्हणून मालक निसर्गाचे गोडवे गात प्रत्येक पिंपात जुनंच जहाल कीटकनाशक ओततात आणि मी ते गुमान ढवळतो.

परवा मालकीणबाई परसातले टोपलीभर टोमॅटो घेऊन कारखान्यात आल्या. “आपलंच औषध मारलंय हो. एकालाही कीड नाही.”

सोबतच्या नातीनं एक उचलून तोंडाला लावला. मालकांनी झडप घालून तो हिसकावला, तिच्या तोंडात बोट घालून घास काढला, चार वेळा चूळ भरायला लावली.

मग हात पुसत टोपली माझ्याकडे सरकवली.

“घरी घेऊन जा रे. तुझी पोरं खातील.”