जरा

आठ महिन्यांची रजा संपवून वैजयंती कारखानीस ऑफिसात परतली, तेव्हा तिच्या मनगटावर नवा पट्टा होता आणि तिचे साहेब दिघे यांच्या मनगटावर त्याचा जोड. कामाच्या ताणाने कोलमडलेल्या माणसाला आता कायद्याने हा पट्टा मिळे. साहेबापायी त्या माणसाची छाती जेवढी धडधडे, तेवढीच साहेबाचीही धडधडे.

दिघ्यांचं 'जरा' तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. 'जरा बघ' म्हणजे रविवार गेला. त्या 'जरा'नेच तिला अंथरुणाला खिळवलं होतं. आजच्या दिवसासाठी तिने आठ महिने दात-ओठ खात काढले होते.

"वैजयंती, जरा हा रिपोर्ट बघतेस का?" दिघे चाचरत म्हणाले.

ती वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. उपचारांत शिकलेला सावकाश श्वास आपोआप सुरू झाला होता आणि छाती शांत होती.

दिघे खुलले. "ठणठणीत झालीस की! मग जरा हे दुसरंही घे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने श्वास रोखला आणि आईच्या दहाव्याला, घाटावर, पिंडाला कावळा शिवायच्या आत घ्यावा लागलेला दिघ्यांचा फोन मुद्दाम आठवला.

दिघे छाती धरून खुर्चीत कोसळले. "अगं, थांब... जरा थांब!"

"थांबते ना, सर," वैजयंती म्हणाली. "हा दहावा झाला. आता जरा तेरावा आठवते."