नारिंगी जॅकेट

"हार्लन, माझं नारिंगी जॅकेट पाहिलंस का रे?" नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने, लोरेनाने, दारातून विचारलं होतं.

तिची रोजची सकाळची फेरी आता हार्लन एकटाच चालतो. मेपलच्या रानातून वर, टेकडीच्या माथ्यावर, आणि उतरताना शेजारच्या क्लाइडच्या दारावरून. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की इथे शिकाऱ्यांना लांबून माणूस ओळखू यावा म्हणून नारिंगी घातल्याशिवाय कुणी रानात शिरत नाही. लोरेना त्या दिवशी तपकिरी कोटातच गेली, आणि धुक्यात क्लाइडने हरीण समजून तिच्यावर गोळी झाडली.

त्यानंतर क्लाइडने बंदूक हातात धरली नाही. हार्लन येताना दिसला की तो मान खाली घालतो. आज मात्र बोलला.

"नऊ वर्षं 'थंडी आहे' एवढंच म्हणून जातोस. डॉक्टरांनी मला वसंतापर्यंतची मुदत दिलीय. आता तरी शिव्या घाल, म्हाताऱ्या."

हार्लन त्याच्या शेजारी पायरीवर बसला. बराच वेळ काडीने बुटांचा चिखल उकरत राहिला.

"शिकारीच्या दिवसांत तिनं एकटीनं जाऊ नये, म्हणून जॅकेट मी लपवलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, नाही सापडलं तर घरी बसेल."