औक्षण

नवरीच्या शालूत चारुता आईच्या काळोख्या खोलीत शिरली आणि सवयीने तिने दार घट्ट लावून घेतलं. ती पाळण्यात असताना आई अवकाशस्थानकावर कामाला गेली होती. परतली तेव्हा तिथल्या किरणांनी तिच्या पेशींचं अंगचं संरक्षण पार संपवून टाकलं होतं. तेव्हापासून साधा उजेडही तिला आतून खायचा, लोखंडाला गंजाने खावं तसा. मोठ्या झालेल्या लेकीचा चेहरा तिला फक्त बोटांनी माहीत होता.

"बस पाटावर, ओवाळते तुला," आई म्हणाली.

"नुसतं ताम्हन फिरव गं. दिवा नको."

"दिव्याशिवाय कुणी ओवाळतं का? डॉक्टरांनी क्षणभर लावायची परवानगी दिलीय."

काडी ओढल्याचा आवाज झाला. पिवळ्या उजेडात, चारुताने फोटोत पाहिलेल्या तरुण बाईऐवजी एक सुरकुतलेला, हसरा चेहरा उमटला. आई पापणीही न लववता बघत होती. ताम्हन तिने हळूहळू फिरवलं, मग खाली ठेवलं, तरी बघतच राहिली. तिच्या गालांवर लाल चट्टे उठू लागले.

"पुरे आता, आई!" चारुता फुंकर मारायला वाकली, तोच आईने तिच्या ओठांवर हात ठेवला.

"वेडे, ओवाळलेला दिवा फुंकत नाहीत. आपोआप शांत होऊ द्यायचा असतो."

चारुताने निरांजनाकडे पाहिलं. आईने अंधारात चाचपडत त्यात काठोकाठ तूप भरलं होतं.